शून्य रुपयांची तीन कोटेशनं

आमच्या गावच्या वाचनालयात पाच संगणक आहेत. गेल्या वर्षापर्यंत त्यांचा वापर फारसा होत नसे, पूजा मात्र अगदी वेळेवर व्हायची. खंडेनवमीला पाचही पडद्यांवर हळदकुंकवाची बोटं, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. पूजा आटोपली की प्लॅस्टिकची आच्छादनं परत चढायची. एकदा मी ओला रुमाल घेऊन ते डाग पुसायला गेले, तर आमचे अध्यक्ष म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई, शोभा हाय ती."

मुलांनो, हे अध्यक्ष म्हणजे माझेच जुने विद्यार्थी. इंग्रजी सोडून सगळ्या विषयांत पास होणारे. गाव त्यांना आबा म्हणतं. मी या वाचनालयाची सचिव आहे. कारण इतकंच की माझं अक्षर वळणदार आहे आणि इतिवृत्ताची वही माझ्याकडून कधी हरवत नाही. तिसरे आमचे कोषाध्यक्ष, आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांना पुस्तकापेक्षा पुस्तकाची पावती वाचायला जास्त आवडते. समितीत आणखी चार जण आहेत. ते चहा येईपर्यंत बसतात.

वाचनालयात पगारी माणूस एकच, आमची ग्रंथपाल. गावात शिवणकाम करणाऱ्या मुस्लिम घरातली मुलगी, वय तिशीच्या पुढं. ग्रंथालयाचा कोर्स तिनं सास्तूरपर्यंत दुचाकीवर आणि पुढं एसटीनं जाऊन-येऊन पुरा केला. मानधन बेताचंच, पण तिच्या घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पैसा तेवढाच.

गेल्या वर्षी संगणक एकेक करून बसायला लागले. सुरू करायचं बटण दाबून मी बाहेर जाऊन तुळशीला पाणी घालून यायचे, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. संगणकाच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं आच्छादनं वर करून पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं अध्यक्षांना बाजूला घेतलं. यंत्रं म्हातारी झाली, नवी ऑपरेटिंग सिस्टीम यांना पेलणार नाही, जुनीला कंपनी आता विचारत नाही. म्हणजे पाचही नवे घ्या. आकडा दोन लाखांच्या घरात.

एवढे पैसे वाचनालयाकडे नव्हते. मग अध्यक्षांनी बैठकीत तोडगा मांडला. संगणक हप्त्यानं घ्यायचे आणि सातही दिवस येणाऱ्या ग्रंथपालांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवायचं, अर्ध्या मानधनावर. वाचलेल्या अर्ध्यात हप्ता निघेल. कोषाध्यक्षांनी मान डोलावली, चहावाल्या चौघांनीही डोलावली. यंत्रं चालवणारं माणूस कमी करून यंत्रं आणायची, ही युक्ती सात डोक्यांच्या बैठकीतून निघाली, आणि सातवं डोकं माझं होतं. मी त्या दिवशी विरोध केला नाही. म्हणाले, ठराव पुढच्या बैठकीत घेऊ, वहीत जागा नाही. वहीत भरपूर जागा होती.

ग्रंथपालला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती रडली वगैरे नाही. पुस्तकांवर नंबर चिकटवत होती, ते चिकटवून झाल्यावर म्हणाली, "पुढची बैठक कधी हाय बाई?" मी म्हटलं, महिन्यानं. "मग एक मशीन माझ्या हवाली करा. बिघडलं तर तसंबी ते भंगारातच जाणार हाय."

तिच्या कोर्समधल्या एका मैत्रिणीनं तिला लिनक्स नावाच्या सिस्टीमबद्दल सांगितलं होतं. जगभरातले लोक ती मिळून तयार करतात, कोणीही उतरवून घ्यावी, कितीही यंत्रांवर घालावी, पैसा द्यायचा नाही. तिचे हलके प्रकारही असतात, खास थकलेल्या यंत्रांसाठी. तिनं ती पेनड्राइव्हवर घेतली. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा जमलं. पाच नंबरचा संगणक, जो बंद पडलेला म्हणून त्याच्या डोक्यावर आम्ही वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायचो, तो मिनिटभरात सुरू झाला. मराठी टाइप झालं. पुस्तकांची यादी उघडली. प्रिंटरनं मात्र चार दिवस छळलं, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आजी जाहिरात करतेय.

मी तिला विचारलं, हे आपल्याला सुचलं कसं नाही? ती म्हणाली, "अब्बा जुन्या पँटची पिशवी शिवतात, बाई. कापड चांगलं असतं. फक्त त्याच्याकडून पँटचं काम मागायचं न्हाय."

पुढच्या बैठकीत तिनं पाच नंबर चालवून दाखवला. समितीनं तो पाहिला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. दोन लाख वाचतायत हे ऐकून इतकी दुःखी झालेली माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. नवे संगणक म्हणजे उद्घाटन, फीत, फ्लेक्सवर सात जणांचे फोटो. फुकटात दुरुस्त झालेल्या जुन्या यंत्राचं उद्घाटन करायचं कसं?

"फुकट हाय म्हंजी त्यात कायतरी खोट असणारच," अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, आबा, शाळेत मी तुम्हाला संध्याकाळची जादा शिकवणी फुकटच दिली होती. ते म्हणाले, "मंग? इंग्रजी आलं का मला?"

खरा अडसर कोषाध्यक्षांचा. संस्थेत एखादी वस्तू आली तर तिचं बिल पाहिजे. बिल पाहिजे तर खरेदी पाहिजे. खरेदी पाहिजे तर तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता. किंमत शून्य असली म्हणून नियम बदलत नाही. मी समजावलं की हे दुकानातून आणलेलंच नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग ते संस्थेत आलं कुठून, असं तपासणीत विचारतील. काय लिहू? हवेतून?"

तेव्हा या वयात मी शून्य रुपयांची तीन कोटेशनं गोळा करायला निघाले. ग्रंथपाल नोकरीला असल्यामुळे तिचं कोटेशन चालत नव्हतं. लोहाऱ्याचा दुकानदार हसला आणि लिहून दिलं. धाराशिवच्यानं चहा पाजला, चार नवे लॅपटॉप दाखवले आणि मग तोंड वाकडं करून लिहून दिलं. तिसरा तुळजापूरचा, लॉजवाल्यांना प्रिंटर आणि कॅमेरे पुरवणारा. मी काय मागतेय ते त्याला दोनदा सांगावं लागलं. लेटरहेडवर शून्य लिहून वर शिक्का मारताना तो म्हणाला, "ताई, एवढा स्वस्त माल मी आजवर विकला न्हाय."

कोषाध्यक्षांनी तक्ता आखला. तीन रकाने, तीन शून्यं, खाली "सर्वांत कमी दर" अशी ओळ. आता कमी कोणतं? अध्यक्षांनी सुचवलं की तिघांशी बोलून थोडं खाली आणावं, संस्थेचं काम आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गंमत करत नव्हते.

शेवटी मार्ग निघाला तो असा. पहिल्या दोघांनी शून्यासाठी गावात यायला नकार दिला. तुळजापूरवाला म्हणाला, येतो, पण जाण्यायेण्याचे पाचशे लावतो, म्हणजे तुमचं बिलही होईल. कोषाध्यक्षांचा चेहरा उजळला. शून्य त्यांना झेपत नव्हतं, पाचशे झेपले.

तो आला तेव्हा ग्रंथपालनं चार यंत्रं आधीच तयार करून ठेवली होती. राहिलेल्या एकावर ती काम करत होती. तो शेजारी स्टूल ओढून बसला आणि पाहत राहिला. त्याला यातलं काही येत नव्हतं. निघताना त्यानं पाचशेची पावती फाडली, अध्यक्षांकडून टॉवेल-टोपी-नारळ घेतला आणि आमच्यासोबत फोटो काढला. फोटोत ग्रंथपाल नाही, कारण तो तिनंच काढला.

त्यानंतरच्या बैठकीत तिचं मानधन कापण्याचा विषय वगळला. मी तो वहीत लाल शाईनं खोडला, खाली सही केली आणि घरी येऊन पुरणाची डाळ शिजत घातली.

महिन्याभरानं तिचा अर्ज आला. तुळजापूरवाल्याला आठवत होतं की काम कोणी केलं. त्याच्या गिऱ्हाइकांच्या लॉजमध्ये काउंटरवर असेच जुने संगणक धापा टाकत होते. एकेकाला नवा घ्यायला लावण्यापेक्षा हे करून दिलं तर गिऱ्हाईक टिकतं, हे त्याला लवकर कळलं. त्यानं तिला यंत्रामागं पैसे देऊ केले. मंगळवारी आणि शुक्रवारी, देवीच्या गर्दीच्या दिवशी, लॉजवाले हजर असतात. तिला ते दोन दिवस सुट्टी हवी होती.

अर्ज मी समितीपुढं वाचला. अध्यक्ष म्हणाले, "अन् त्या दिवशी मशीन अडलं तर?"

"तर बुधवारी येते ना आबा."

"मानधन वाढवू की तुझं. जाऊ नगंस."

"वाढवा," ती म्हणाली. "पाच दिवसांचं वाढवा. मंगळवार-शुक्रवार मी न्हाय."

तीन दिवसांवर जिला आणायला निघाले होते, तिच्यापुढं सात जण आणखी दोन दिवसांसाठी हात जोडून बसले होते. ठराव मी तिथल्या तिथं लिहिला, मोठ्यानं वाचला आणि कोणाचा विचार बदलायच्या आत अध्यक्षांपुढं सहीसाठी सरकवला. वाढ फार नाही. पण पहिल्यांदाच तिच्या अटीवर झालेली आहे.

त्या दोन दिवसांची किल्ली आता माझ्याकडे असते. मी मानधन घेत नाही हे कळल्यावर समिती अस्वस्थ झाली. फुकट बसणारी बाई नेमकी कशासाठी बसते, याची कोणाला खात्री वाटेना. म्हणून माझ्यावर लक्ष ठेवायला कोषाध्यक्षांना नेमलं आहे. ते बरोबर दहाला येतात, चष्मा पुसतात आणि तीन नंबरवर बसून दीडपर्यंत पत्ते खेळतात. खेळ सिस्टीमबरोबरच आलेला आहे. त्याची पावती त्यांनी अजून मागितलेली नाही.