चिगुसाला कुणी टोकलं नाही

आमच्या वक्तृत्व मंडळात श्रोते गप्प बसले की समजायचं, वक्ता पडला. विद्यापीठातली जुनी रीत आहे ही. तुम्ही "आपला देश" म्हणालात की मागून आवाज येणारच, "कुणाचा देश?" त्याला तिथल्या तिथे, दम न खाता उत्तर द्यायचं. चिगुसा यात पटाईत. ती माझ्या खोलीत राहायची आणि दात घासतानासुद्धा भांडायची.

पहिल्याच भाषणात नुकागा नावाच्या आमच्या सीनियरनं तिला टोकलं होतं, "आवाज घरी विसरलीस का गं?"

"नाही, तुमचे कान शोधायला पाठवलाय!"

हशा थांबेना. पुढे या दोघांची जुंपलेली ऐकायला क्योतोतल्या दुसऱ्या विद्यापीठांतली पोरं यायची.

प्रगत लेखन आणि वक्तृत्वशास्त्र आम्हाला कुसुमोतो बाई शिकवायच्या. "लिहिताना समोर एक भांडखोर माणूस बसवा," त्या म्हणायच्या, "आणि त्याला बोलायला जागा ठेवा." चिगुसानं ते शब्दशः घेतलं. तिच्या भाषणांच्या मसुद्यात मधेमधे कोऱ्या ओळी असत. इथे लोक टोकणार, इथे मी उत्तर देणार.

त्या वसंतात तिची आई गेली. शिमानेतल्या तिच्या गावचा दवाखाना आदल्या वर्षी बंद झाला होता, म्हणून रुग्णवाहिका डोंगरापलीकडच्या शहराकडे निघाली. आई वाटेतच गेली. फोन आल्यावर गावी गेलेली चिगुसा सगळं उरकून क्योतोला परत आली ती लिहायलाच बसली. गावांतले दवाखाने बंद करू नका, या विषयावर. शरदातल्या स्पर्धेसाठी.

"आईवर नको ना बोलूस," मी म्हटलं.

"दवाखान्यावर बोलतेय. कुणीतरी मला विचारायला हवं, डॉक्टर आणणार कुठून? पैसा कोण देणार? उत्तरं तयार आहेत माझ्याकडे." मग हळूच म्हणाली, "कुणाशी तरी कडाकडा भांडल्याशिवाय मला रडूच येणार नाहीये गं."

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पहिली कोरी ओळ आली. ती थांबली. कुणी काही बोललं नाही. दुसरी आली, तेव्हा तिनं सरळ नुकागाकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"डॉक्टर कुठून आणणार, विचारा ना!" ती स्वतःच म्हणाली. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक पुसलं, बस.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं, आणि राष्ट्रीय फेरीत जागाही. बाहेर येऊन तिनं नुकागाला गाठलं.

"आज तोंडाला काय झालं होतं?"

"अगं, आई गेलेल्या मुलीला कसं टोकायचं?"

"म्हणजे मी तिथे नुसती आई गेलेली मुलगी होते?"

त्यानं गरम कॉफीचा कॅन तिच्या हातात कोंबला. तिनं तो माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

राष्ट्रीय फेरीच्या आधी ती गावी गेली, सोबत मलाही नेलं. तिचे बाबा गाडी चालवायला शिकवतात. दारातच म्हणाले, "या या! पट्टे बांधा, जेवण सुरू होतंय." जेवताना माझी, चिगुसाची, स्वतःच्या करपलेल्या माशाची, सगळ्यांची थट्टा केली. मग म्हणाले, "बक्षिसाचं भाषण होऊ दे."

ती उभी राहिली. "दवाखाना गावात असता, तर माझी आई आज..."

"थांब."

त्यांचा उजवा पाय चटईवर घट्ट दाबला गेला होता, शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्यानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबावा तसा.

"दवाखान्याचा दोष नाही," ते म्हणाले. "दुपारपासूनच छातीत दुखत होतं तिच्या. म्हणाली, जळजळ होतेय. मी म्हटलं, पडून राहा जरा. टीव्हीवर सुमो लागलं होतं. शेवटची कुस्ती संपेपर्यंत फोन केला नाही मी. वेळेवर निघालो असतो तर डोंगर ओलांडूनसुद्धा पोचलो असतो, चिगुसा."

"तुम्हाला काय माहीत होतं, बाबा?"

"हे काही उत्तर नाही."

नव्हतंच. ती खाली बसली. मी उगाच भांडी गोळा करायला लागले. त्यानंतर राष्ट्रीय फेरीतून तिनं नाव काढून घेतलं. कुसुमोतो बाईंनी कारण विचारलं, तेव्हा "मुद्दा कच्चा निघाला" एवढंच बोलली. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी भांडी ठेवून आले तेव्हा तिचे बाबाच म्हणाले,

"ते परत म्हण ना. पहिल्यापासून."

"कशाला? खोटं आहे ते आता."

"म्हणूनच." ते तिच्याकडे बघत नव्हते. "त्यात माझी चूक नाहीये."

चिगुसा उभी राहिली. केस कानामागे सारले, आणि सभागृह भरलेलं असावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. बंद दवाखान्याचं कुलूप, डोंगर चढणारी गाडी, बाबांच्या हातातला आईचा हात. एक शब्द गाळला नाही.

"वळणामागून वळण येत होतं," ती म्हणाली, "आणि रस्ता संपत नव्हता."

"हो ना," बाबा मान डोलावत म्हणाले. "फार लांब रस्ता गं. फारच लांब."