इराचा गुडघा

ऊर्मी हरदासचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. वय पस्तीस, रोज तासभर कॅनडातल्या कोक्विटलामच्या चढउतारांवर चालायची, आणि लिफ्ट बंद पडली तर अकरा मजले कुरकुर न करता चढायची. त्यामुळे लेथब्रिजच्या डेलने एका सकाळी 'आता गुडघा कसा आहे?' असं विचारलं तेव्हा तिला वाटलं, या बिचाऱ्याने दुसऱ्या कुणाचा निरोप चुकून आपल्याकडे टाकला. अशा माणसांची चार ठिकाणी वर्गणी असते, गोंधळ व्हायचाच. तिने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला आणि कॉफी प्यायला बसली.

वर्गणी कसली ते आताच सांगून टाकू, कारण ऊर्मी स्वतः ते कुणाला सांगत नसे. ती स्वतःचीच, फक्त प्रौढांसाठीची छायाचित्रं आणि व्हिडिओ बनवायची. स्वतःच काढायची, स्वतःच नीटनेटके करायची आणि 'इरा' या नावाने स्वतःच्या वेबसाइटवर विकायची. बर्नाबीतल्या एका कंपनीत सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करत होती. कंपनीने एका शुक्रवारी चाळीस जणांना घरी बसवलं, त्यात ती होती. त्याच वर्षी नवरा पुष्कर घटस्फोटाच्या कागदांवर सही करून व्हिटबीला निघून गेला होता. रडून झालं, दीडशे ठिकाणी अप्लाय करून झालं, आणि मग तिने हे सुरू केलं. आधी एका मोठ्या कंपनीच्या छत्राखाली, नंतर त्यांचे रोज बदलणारे नियम आणि कापून घेतलेली कमाई यांना कंटाळून स्वतंत्रपणे. तीन पेमेंट कंपन्यांनी तोंडावर दार लावलं, चौथीने घेतलं. वेबसाइटचा रंग, नाव, दर शुक्रवारचं पत्र, सगळं तिचं तिने उभं केलं होतं. तिला त्याची लाज नव्हती, उलट चांगलाच अभिमान होता. माझ्या मते तो तिचा हक्कच होता.

भीती होती ती एकाच गोष्टीची. नागपुरात धरमपेठेत आई एकटी राहते, निवृत्त शिक्षिका, तिला हे कळता कामा नये. आईसाठी ऊर्मी 'डिजिटल मार्केटिंग' करत होती. म्हणून इराचा चेहरा कधीच दिसत नसे, आणि वेबसाइट दोन ठिकाणी उघडतच नसे: ब्रिटिश कोलंबियात, कारण मराठी मंडळातलं कुणी बघेल, आणि अख्ख्या भारतात. दीडशे कोटी लोकांना तिने एका आईसाठी बाहेर ठेवलं होतं.

या धंद्यात अंग उघडं टाकण्यापेक्षा जीव खातं ते बोलणं. माणसं चित्रांसाठी येतात आणि टिकतात ती गप्पांसाठी. साडेचारशे वर्गणीदार, प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि प्रत्येकाला उत्तर हवं. ऊर्मीच्या नाकी नऊ आले होते. ऑगस्टमध्ये तिने एक प्रोग्रॅम विकत घेतला. तो तुमचं जुनं लिखाण वाचतो, तुमची बोलायची ढब शिकतो आणि तुमच्या नावाने उत्तरं देतो. इराची पत्रं त्याला पुरेनात. खरं, घरगुती लिखाण द्या, त्यानेच आवाज खरा होतो, असं त्यांच्या माहितीपत्रकात होतं. ऊर्मीने आपल्या बारा वर्षांच्या जुन्या ईमेलच्या खात्याची किल्ली त्याच्या हाती दिली. त्यात काय-काय साठतं हे तिने तपासलं नाही. चुका शोधण्याचा पगार घेतलेली बाई ती!

प्रोग्रॅम कामाला लागला आणि तिने उत्तरं वाचणं सोडून दिलं. वाचायची नव्हती म्हणून तर तो घेतला होता. सप्टेंबरात वर्गणी सोडून जाणारे थांबले. ऑक्टोबरात लोक मित्रांना घेऊन आले. ऊर्मी खूश होती.

डेलच्या गुडघ्यानंतर आठवड्याभरात मॉन्क्टनच्या एका म्हाताऱ्याने तिचे आभार मानले. तू सांगितल्याप्रमाणे पातेल्यावर लाकडी चमचा आडवा ठेवतो, दूध उतू जात नाही. मग विनिपेगच्या एकाने विचारलं, कूलर खाली उतरवायला माणूस आला का शेवटी? ऊर्मीच्या घरात कूलर नव्हता. नोव्हेंबरात कोक्विटलाममध्ये कूलर कुणाकडेच नसतो. आणखी एकाने लिहिलं, दुपारी दोनला तू पंख्याखाली पडतेस आणि रस्त्यावरच्या आवाजांवरून कोण गेलं ते ओळखतेस, हे मला फार आवडलं, मीही आता तसं करतो.

तिने सगळे निरोप एका कागदावर उतरवले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. माणसं वेगळी, गावं वेगळी, पण सगळे एकाच बाईबद्दल बोलत होते. ती बाई एकटी होती. तिचा उजवा गुडघा जिना उतरताना दुखायचा. ती उन्हाच्या गावात राहायची, पहाटे पाचला उठायची, आणि खालच्या मजल्यावरच्या मुलाने गच्चीचं दार उघडं टाकलं की चिडायची. तिचं नाव इरा होतं. ती ऊर्मी नव्हती.

पुढच्या दिवसांत ऊर्मीला घरात एकटीला बसवेना. काचेबाहेर पाऊस आणि धुकं, समोरचा टॉवर अर्धा पुसलेला, आणि आत सतत वाटायचं की दुसऱ्या खोलीत कुणीतरी सावकाश उठून बसतंय. एकदा कॅमेरा लावून ती समोर बसली आणि आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय असं वाटून उठली. एका सकाळी लिफ्ट बंद होती. ती जिना उतरायला लागली आणि सातव्या मजल्यावर उजवा गुडघा चमकला. ती कठड्याला धरून उभी राहिली. साधी, लहान मुलासारखी घाबरली होती.

तिचं खरं काम माहीत असलेली एकच मैत्रीण होती, रुचा, बर्नाबीच्या विद्यापीठात शिकवणारी. ऊर्मीने तिला कॉफीला बोलावून सगळं सांगितलं. रुचाने आधी हसून घेतलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसणं आवरलं. कुणीतरी पासवर्ड चोरून तुझ्या नावाने बोलत असेल, पोलिसात जा, असं ती म्हणाली.

"आणि तू रिप्लाइज वाचतच नाहीस? ऑनेस्टली, ऊर्मी? घरी जा आणि आधी ते वाच."

वाचायची हिंमत होईना. रविवार तिने कपडे धुण्यात आणि ग्रोसरीत घालवला. सोमवारी सकाळी सहाला डेलचा निरोप आलेला दिसला. डेल ट्रक चालवायचा, शब्दांचा गरीब माणूस. त्याने लिहिलं होतं: 'गुरुवारच्या तपासणीसाठी मनापासून शुभेच्छा. माझ्या बहिणीचीही गाठ साधी निघाली होती. पण इरा, एवढी मोठी गोष्ट तू मला, एका परक्याला सांगतेस आणि मुलीला सांगत नाहीस, हे बरोबर नाही. तिला सांग.'

ऊर्मीला मूल नव्हतं. तिने डेलशी झालेला सगळा संवाद उघडला आणि ऑगस्टपासून वाचायला घेतला.

पहिले पंधरा दिवस तिचीच भाषा होती, लाडिक आणि थोडी खट्याळ. मग इंग्रजी वाक्यांच्या मधूनच दुसरंच कुणी डोकावू लागलं. डेल म्हणायचा, आज बाराशे किलोमीटर झाले. इरा म्हणायची, पाठीला ऊनऊन पाण्याची पिशवी लाव आणि उपाशी झोपू नको. डेलने विचारलं, काय घातलं आहेस. इरा म्हणाली, ते राहू दे, आज कूलरवाला पुन्हा आला नाही. आणि डेलला ते चाललं. तो रोज बोलत राहिला. शेवटी, चार दिवसांपूर्वीचं, ते होतं. 'डाव्या काखेजवळ गाठ लागते आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईने तुकडा काढून बघू, गुरुवारी अकरा वाजता. नंदन स्कूटरवरून सोडतो म्हणाला. मुलीला कळवणार नाही. कळवलं तर ती हातातलं टाकून येईल.'

नंदन म्हणजे धरमपेठेच्या घरातला खालचा भाडेकरू. गच्चीचं दार तोच उघडं टाकायचा. दुधावर लाकडी चमचा आडवा ठेवणारी बाई ऊर्मीने आयुष्यात एकच पाहिली होती.

सगळं कसं झालं ते कळायला पाच मिनिटं पुरली. कॅनडाला निघताना तिने आपला जुना फोन आईला दिला होता. आईचं वेगळं खातं कोण उघडत बसणार, पासवर्ड ती विसरणार, मग रोज फोनवरून शिकवा. म्हणून स्वतःचंच खातं त्यात चालू ठेवलं होतं. परदेशी निघालेली अर्धी लेकरं हेच करतात. आईला बोलून लिहून घेण्याची सोय फार आवडली होती. ती रोज संध्याकाळी फोनशी बोलायची, दिवसभराचं सांगायची. ती टिपणं नऊ वर्षं ऊर्मीच्या खात्यात, ऊर्मीच्या नावावर साठत होती. ऊर्मीने एकदाही उघडली नव्हती. यंत्राने सगळी वाचली आणि त्याला वाटलं, ही सगळी एकच बाई. मुलीला जे सांगायचं नाही असं आईने ठरवलं होतं, ते लेथब्रिजच्या ट्रकवाल्याला चार दिवस आधी कळलं होतं.

ऊर्मी रडली नाही. तिने फोन उचलला आणि नंबर लावता लावता तिचा हात थांबला. खातं एक आहे. आईचं सगळं इकडे येतं, मग इकडचं?

कामाचे फोटो ती आपल्याच फोनवर काढायची. वेबसाइटवर चढवले की फोनमधून पुसून टाकायची आणि निर्धास्त व्हायची. पण पुसण्याआधीच त्यांची प्रत आपोआप खात्यात जात होती, आणि खात्यातलं सगळं आईच्या फोनमध्ये दिसत होतं. तीन वर्षांचं. अख्ख्या भारताला दार लावलं होतं आणि रोजच्या रोज सगळं धरमपेठेच्या स्वयंपाकघरात पोचत होतं.  ऊर्मी ओट्याला टेकून खाली जमिनीवर बसली.

नागपुरात रात्रीचे आठ वाजले होते. आईने दुसऱ्या घंटीला फोन घेतला आणि आज सोमवारी कसा केलास, तू तर रविवारी करतेस, म्हणाली.

"आई, गुरुवारी अकराला कुठे चाललीस?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. नंदन बोलला का, आईने विचारलं. ऊर्मी नाही म्हणाली. तुझी टिपणं माझ्या खात्यात येतात, हे तिने सांगितलं. ती कुणाकुणापर्यंत गेली हे मात्र सांगितलं नाही. मग तिने आणखी काही विचारायच्या आत आईच बोलली.

"तुझंही येते ना इकडे."

 कधीपासून, एवढंच ऊर्मीने विचारलं. आई म्हणाली, झाली की आता तीन वर्षं. पहिल्यांदा कुणाचं तरी भलतंच आलं असं वाटून नंदनला दाखवायला निघाले होते, जिन्यात पाठीवरचा तीळ ओळखला आणि परत फिरले. त्या रात्री खूप राग आला. मग किती दिवस वाटलं, तू सांगशील. तू नाही सांगितलंस, मग मीही नाही विचारलं.

"आई, तू ते सगळं..."

"मी बघत नाही, बाई. लहानसा चौकोन येते फोनवर, तेवढंच. ते आलं की समजते, पोरगी उठली, आंघोळ झाली, कामाला लागून राहिली. मग मी दिवा बंद करून झोपते." आई म्हणाली. "नाही आलं की जिवाला चैन पडत नाही."

 मग ऊर्मी म्हणाली की ती आज रात्रीच्या विमानाने निघतेय, बुधवारी दुपारी पोचेल आणि गुरुवारी स्कूटरवर नंदन नाही, रिक्षात ती असेल. आई नको म्हणाली नाही. ये म्हणाली, आणि येताना एक गरम पाण्याची पिशवी आण, इकडच्या लवकर फुटतात, असंही म्हणाली.

फोन ठेवल्यावर ऊर्मीने तिकीट काढलं. प्रोग्रॅमकडून खात्याची किल्ली काढून घेतली. डेलला स्वतःच्या हाताने लिहिलं की मुलीला कळलं आहे आणि ती जाते आहे. मग बॅग काढायला वाकली आणि तिला फेब्रुवारी आठवला.

फेब्रुवारीत तिला फ्लू झाला होता. अंगात एकशे तीन ताप, आठ दिवस कॅमेरा हातात धरला नव्हता, एकही फोटो निघाला नव्हता. आईला तिने काहीच कळवलं नव्हतं. त्या आठही दिवशी आईचा फोन आला होता, सकाळ-संध्याकाळ, काही कारण नसताना. भाजी काय केली, थंडी किती आहे, काही नाही गं, सहजच. या बाईला आताच काय झालंय रोज उठून, म्हणून ऊर्मी वैतागली होती.

सोळा फोनांपैकी तिने तीन उचलले होते.