अवेताशचं रडणं

आमच्या गावात माणूस मेलं की पहिलं बोलावणं अवेताशला जायचं, दुसरं पाद्रीबाबांना. बाबांना हे अजिबात आवडत नसे. ती त्यांना तोंडावर सांगायची, "बाबा, तुम्ही त्याला स्वर्गात पोचवा, मी त्याला गावाच्या लक्षात ठेवते. आपल्या दोघांचं काम वेगळं."

मेलेल्याचे गुण गात रडणं आमच्याकडच्या सगळ्याच बायांना येतं. पण अवेताश रडायला लागली की मेलेल्याचे दुष्मनसुद्धा डोळे पुसायचे. कंजूष हागोस गेला, त्याचे गुण कुठून आणणार? तिने त्याचा कंजूषपणाच गायला: चपला झिजतील म्हणून हातात धरून चालणारा माणूस आज अनवाणीच निघाला. लोक हसता हसता रडले. एरवी ती सुवा, म्हणजे आमची घरगुती बिअर, गाळून विकायची. जीभ तिखट, हात सढळ. उधारीवर पिणाऱ्याला शिव्या द्यायची आणि पेला काठोकाठ भरायची.

नवरा सैन्यात गेला तो कुठेतरी दक्षिणेकडे रस्त्याची खडी फोडता फोडता तापाने वारला. थोरला सेनाय सतरा वर्षांचा झाल्यावर त्याला शाळेतून उचलून सावाच्या लष्करी छावणीत नेलं. दीड वर्षाची सेवा, असं सांगितलं होतं. पोराला दाढी आली, मग त्या दाढीत पांढरे केस आले, तरी ते दीड वर्ष काही संपेना. धाकटा मेरहावी सोळाचा झाला तसा त्याच्याही नावाने हुकूम आला. अवेताश म्हणाली, "एक दिला. हा माझा." आणि पोराला डोंगरात, निवडुंगाच्या रानात पाठवून दिलं.

दुसऱ्याच आठवड्यात गावचा प्रशासक तेकेस्ते कुलूप घेऊन आला. पोरगं हजर केलं नाही की घराला कुलूप, असा नवा नियम निघाला होता. हा तेकेस्ते गावचाच. मेरहावीच्या बाप्तिस्म्याला त्याचा धर्मपिता म्हणून हाच उभा राहिला होता.

"अवेताश, पोराला आण. आत्ता कुलूप काढतो."

"बाप्तिस्म्याला तुझ्या मांडीवर मुतला होता तो. तेव्हा कसा प्रेमाने धरून बसला होतास."

"माझ्यावर वरून दाब आहे गं."

"तुझ्यावर वरून, माझ्यावर तुझ्याकडून. माझ्या खाली कोण आहे रे? ही कोंबडी?"

त्याने मान खाली घालून कुलूप लावलं. तिला कुणी घरात घ्यायचं नाही, घेतलं तर घेणाऱ्याच्याही घराला कुलूप, हेही वाचून दाखवलं. अवेताश स्वतःच्या उंबऱ्याबाहेर दगडावर बसली. आत सुवाचे रांजण नासत होते, त्याचा वास गल्लीभर. आमच्याकडे थंडी हाडात शिरते. मी तिची शेजारीण, मधल्या भिंतीवरून तिला भाकरी आणि पांघरूण द्यायची. बाकीचं गाव दुसऱ्या गल्लीने जायला लागलं.

एका दुपारी तिने मला भिंतीजवळ बोलावलं. "ताई, तुझा भाचा हद्दीपलीकडे आहे ना, इथिओपियात?"

"आहे."

"त्याचा निरोप आलाय तुला."

"मला? कधी?"

"आज. मेरहावी हद्द ओलांडत होता, गोळी लागली, गेला."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं.

"जिवंत पोराचं रडतेस, अवेताश? देव पाहतो."

"देव इतकी वर्षं पाहतोच आहे. मेलेल्याला कुणी भरती करत नाही, ताई. तू फक्त म्हाताऱ्यांना सांग. पुढचं माझं काम."

हद्दीवर मेलेल्याचा देह आमच्याकडे येत नाही. तोंडी निरोप येतो आणि त्यावरच शोकाचा तंबू उभारला जातो. मी जाऊन सांगितलं. खोटं सांगितलं आणि चांगलं केलं, असं मी आजही म्हणते. घरच्यांना मात्र मरणाची बातमी आमच्यात तोंडाने देत नाहीत. उजाडायच्या सुमाराला म्हातारे दारात येऊन नुसते उभे राहतात. तसे ते राहिले आणि अवेताशने कुलूप लावलेल्या दारावर डोकं आपटलं. खोटं मला ठाऊक होतं, तरी तिची ती किंकाळी ऐकून मी धावत जाऊन तिला धरलं.

तेकेस्ते धावत आला. शोकातल्या आईला उघड्यावर ठेवणं कुठल्याच नियमात बसत नाही. त्याने आपल्या हाताने कुलूप काढलं, तंबूसाठी स्वतः दोर बांधले आणि पुढच्या रांगेत धर्मपित्याच्या जागेवर बसून लहान पोरासारखा रडला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

असं सगळं जमून आलं होतं. गाव येत होतं, रडत होतं, कॉफी पिऊन जात होतं. अवेताश चटईवर बसून मेरहावीचे गुण गात होती आणि मेरहावी डोंगरात मी चोरून पाठवलेलं भाजलेलं पीठ खाऊन हद्दीकडे निघायच्या तयारीत होता. तो पार होईपर्यंत दिवस ढकलायचे, एवढाच प्रश्न होता. पण असल्या बातमीला पाय असतात, हे आम्हा दोन शहाण्या बायकांच्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी कुणी पुरुष "मेरहावी, माझ्या भावा" असा टाहो फोडत येताना ऐकू आला. सेनाय होता. अंगात सैन्याचा सदरा, पायात प्लास्टिकच्या सँडल, त्यातली एक दोरीने बांधलेली. रजा मागितली, मिळाली नाही, म्हणून न विचारता चालत आला होता. सख्ख्या भावाच्या तंबूत न येणारा माणूस आमच्यात माणूस नसतो.

पहिले तीन दिवस आई चटईवरून उठत नाही आणि तिला कुणी एकटं सोडत नाही. दोन्हीकडून बाया धरून बसतात. डावीकडे मी होते. मी उठले, सेनायचा दंड धरला. "आत चल बाळा, आधी पाणी पी." स्वयंपाकघरात नेऊन कानात सांगणार होते.

"पाणी नको, ताई." त्याने हात सोडवून घेतला आणि आईपुढे गुडघे टेकले. "आई, पाहिलंस का त्याला? देह पाहिलास?"

अवेताशने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी पोराचा चेहरा पाहत होती ती. तिने हात लांब केला असता तर पुढच्या रांगेतल्या तेकेस्तेच्या गुडघ्याला लागला असता, कुजबुजलेलंही त्याला ऐकू गेलं असतं.

"कुणाला मिळतो देह?" ती म्हणाली.

"घराला कुलूप लावलं म्हणून पळाला ना तो? कुणी लावलं?"

आणि तेकेस्ते, मूर्ख माणूस, रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी लावलं, बाळा. मला माफ कर."

सेनायने बसायचं लाकडी तिवईसारखं स्टूल उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. पहिल्या घावाला तेकेस्ते आडवा झाला. दुसरा घाव घालायला सेनायने हात उचलला तेव्हा मी अवेताशकडे पाहिलं. "मेरहावी जिवंत आहे." एवढंच तिने म्हणायचं होतं. तिने डोळे मिटले आणि मेरहावीचं रडणं पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा मोठ्याने. गावच्या चौकीवरच्या सैनिकांनी सेनायला पाडलं, कोपर कोपराला बांधून ओढत नेलं. तो आईच्या नावाने ओरडत होता. ती गातच होती.

बाराव्या दिवसाच्या जेवणाला तेकेस्ते डोक्याला पट्टी बांधून आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "अवेताश, माझी तक्रार नाही. मी वर कळवतो, पोरगा भावाच्या दुःखात होता. ते मेरहावीच्या मरणाची चौकशी करतील, कुठे गोळी लागली, कुणी पाहिलं. खात्री पटली की सेनायला सोडतील."

मेरहावी अजून हद्दीच्या अलीकडेच होता.

"कळवू नकोस," अवेताश म्हणाली.

"अगं, का?"

"हात उचलला त्याने. भोगू दे."

बायांनी तोंडावर पदर घेतले. एकीने तर उष्टं ताट तसंच टाकून घर गाठलं. मला त्या सगळ्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण मी वाढत राहिले.

पुढे मेरहावी पार झाला. भाच्याचा निरोप आला, या वेळी खरा. सेनायसाठी अवेताश दर आठवड्याला तुरुंगाच्या फाटकावर डबा घेऊन जायची. पहारेकरी घ्यायचा. एकदा त्याने घेतला नाही. "आणू नका, आई," एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना म्हातारे पुन्हा तिच्या दारात येऊन उभे राहिले. या वेळी सगळ्यांच्या पुढे तेकेस्ते होता.

पुन्हा तंबू, पुन्हा चटई. गाव वाट पाहत बसलं. मेलेल्याने केलेलं सगळ्यात मोठं काम गायचं असतं, आणि सेनायने आयुष्यात स्वतःच्या मर्जीने एकच काम केलं होतं. खरं बोलावं तर ती आत, मी आत आणि घराला पुन्हा कुलूप. अवेताशने सूर लावला. मेलेल्या भावासाठी रजेशिवाय चालत आलेला माझा सेनाय, भाऊ गेल्यावर जगणं गोड न लागलेला माझा सेनाय, आता दोघं भाऊ एकाच ताटात जेवत असतील. डावीकडून मी तिला धरलं होतं. तिचं अंग माझ्या हातात फांदीसारखं कडक झालं होतं, आणि मेरहावी तेव्हा हद्दीपलीकडे निर्वासितांच्या छावणीत भाच्याशेजारी बसून भावाच्या सुटकेची वाट पाहत होता.

तंबूतून बाहेर पडताना लोक डोळे पुसत एकमेकांना सांगत होते, असं रडणं अवेताशलाच जमतं.