ऐकू न आलेला पंखा

सगळे त्याला कानसेन म्हणायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगून टाकायचं, "तिसरा टॅपेट सैल आहे." गाडी उघडली की तिसराच सैल निघायचा. तीस वर्षं हे चाललं होतं. दुसरे मेकॅनिक निम्मं इंजिन खोलून जे शोधायचे ते हा उभ्या उभ्या सांगायचा, आणि त्याचा त्याला माज म्हणावा इतका अभिमान होता.

गेल्या दोन वर्षांत मात्र काहीतरी बिनसलं होतं. घरात फोन वाजून वाजून बंद पडायचा आणि हा शेजारीच पेपर वाचत बसलेला असायचा. बायको म्हणायची, "अहो, एकदा कान दाखवून या." "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस," म्हणत तो तिलाच गप्प करायचा. खडखड, धडधड असले जाड आवाज त्याला स्वच्छ कळत. गेले होते ते बारीक, टोकदार आवाज. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने ते कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या बाई गाडी घेऊन आल्या. शेजारच्या सीटवर त्यांचे वडील होते, अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटावेत इतके वाळलेले. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागे आणि ते सगळं या गाडीवरच चाले.

"गाडी किंचाळते," बाई म्हणाल्या. "सुरू करताना नाही. थोडा वेळ उभी राहून तापली की."

"मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी," वडिलांनी खिडकीतून भर घातली. "आमच्या पोरीला वाटलं मीच कण्हतोय!"

कानसेन हसला. बॉनेट उघडून त्याने इंजिन चालू ठेवलं. आठदहा मिनिटांत रेडिएटरमागचा पंखा सुरू झाला. वारा त्याच्या तोंडावर आला.

"हा बघा! आला!" बाई म्हणाल्या.

त्याला काहीच ऐकू आलं नाही. इंजिनाची घरघर तेवढी होती. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. तरीही नाही. डोळे मिटून असतानाच त्याला जाणवलं, की सगळे आपल्याकडे बघताहेत. बाई, वडील, आणि पलीकडे दरवाजा ठोकून सरळ करता करता थांबलेला त्याचा मेहुणा.

"बेल्ट," तो म्हणाला. "वाळून कडक झालाय."

"पण पंखा लागला की मगच येतो हो आवाज," वडील म्हणाले.

"आजोबा, पंख्याचा आवाज मी ओळखत नाही का?"

पंख्याच्या वायरचा प्लग काढला असता तर मिनिटभरात निकाल लागला असता. आवाज थांबला तर पंखा, नाही थांबला तर दुसरं काही. पण मग बाईंना विचारावं लागलं असतं, "आता थांबला का?" नुसतं इंजिन बंद करून पातं हाताने हलवलं असतं, तरी मोटरच्या दांड्यातला ढिलेपणा बोटांना कळला असता. पण पाती हलवून बघणाऱ्यांना तो आयुष्यभर चाचपडे म्हणत आला होता. त्याने बेल्ट बदलला.

बाईंनी गाडी पुन्हा तापू दिली. "येतोच आहे अजून," त्या म्हणाल्या.

"नवा आहे. बसायला चार दिवस लागतात."

त्याच्या तोंडून हे इतकं सहज गेलं की बाईंनी मान डोलावली.

चार दिवसही लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पुलावर गाड्या तुंबलेल्या असताना पंख्याची मोटर जाम झाली. तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटखालून वाफ आली, गाडी बंद पडली. मागेपुढे गाड्याच गाड्या. रिकामं वाहन तिथवर पोचेना आणि वडिलांना चार पावलं चालवेना. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची वेळ उलटून गेली होती. सगळी मशीनं दुसऱ्या रुग्णांना लागलेली. "सकाळी पहिला नंबर तुमचा," असं सांगून त्यांना घरी पाठवलं. पहाटे त्यांना श्वास घेता येईना. छातीत पाणी भरलं होतं. सकाळचा नंबर आला, तेव्हा ते नव्हते.

गाडी ओढून गॅरेजातच आणली गेली. कानसेनने पात्यावर हात ठेवला. पातं हललं नाही. मोटरचं बेअरिंग जळून चिकटलं होतं.

"दाजी, मोटर काय, कधीही जाते," मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला. मग, ऐकलं नसेल असं वाटून, मोठ्याने. "कुणाला काय कळणार आहे? तुम्ही गप्प राहा."

तो आठ दिवस गप्प राहिला. नवव्या दिवशी बाईंच्या दुकानात गेला. बाई शिलाई मशीनवर होत्या. उभ्यानेच त्याने सांगितलं, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्या दिवशीही आला नव्हता. बेल्ट मी अंदाजाने सांगितला."

मशीन थांबलं.

"डॉक्टर म्हणाले, तसेही त्यांचे फार दिवस उरले नव्हते," त्या म्हणाल्या. "ते मी स्वतःला सांगते. पण तुम्ही ते स्वतःला सांगू नका. मला येत होता आवाज. बाबांना येत होता. आम्ही सांगितलं होतं तुम्हाला."

"या आता," बाई म्हणाल्या, आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवला.

त्या आठवड्यात बायकोने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत, हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं होतं. तो बटणावर अंगठा ठेवून बसून राहिला. काचेपलीकडची मुलगी यंत्राची चकती फिरवत होती, म्हणजे आवाज येत असणार.

आता गाडी आली की तो आधीच सांगतो, "मला नीट ऐकू येत नाही. तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगा." निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच गाडी वळवतात. मेहुण्याने महिनाभर अबोला धरला आणि मग वेगळं दुकान टाकलं. राहिलेल्यांच्या गाड्यांत हा एकेक प्लग काढतो, एकेक पातं हाताने हलवतो, आणि मालकाच्या तोंडाकडे बघत विचारतो, "थांबला का?"