धाकट्याची होडी

चहा गाळून झाला होता. जमिनीवर पसरलेलं फाटकं जाळं ओलांडत बायको कप घेऊन येत होती आणि थोरला चपलेचा तुटलेला पट्टा शिवत बसला होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. ही थाप धाकट्या भावाचीच; दार उघडेपर्यंत थांबायचं त्याला ठाऊकच नव्हतं.

"दादा, चल ना! होडी घ्यायचीय. तुझ्याशिवाय कशी घेऊ?"

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी! नवीकोरी, फायबरची."

थोरल्याच्या बोटात सुई घुसली. गावाजवळच्या अफाट तलावावर त्याने उभा जन्म दुसऱ्यांच्या होड्यांत काढला होता. आणि ज्याला त्यानेच पोहायला शिकवलं, तो शेंबडा आता मालक होणार!

"जाऊन या," बायको हळूच म्हणाली, "पण तोंड घरीच ठेवून जा. कडू काढा प्यायल्यासारखं झालंय."

होड्यांच्या शेडमध्ये शिरल्या शिरल्या धाकट्याचा जीव एका निळ्या होडीवर जडला. निमुळती, बसक्या कडांची, देखणी. काठालगतच्या संथ पाण्यात ती त्याला घेऊन सुळकन फिरून आली.

"वाऱ्याशी बोलते की नाही?" होड्या बांधणारा कारागीर खुशीत म्हणाला.

थोरल्याला मात्र बघताक्षणीच कळलं होतं. दुपारी वारा फिरला की तलावात आखूड, उभ्या लाटा उठतात. एक ओसरेपर्यंत दुसरी अंगावर. त्यात जाळं ओढायला दोघंही एकाच बाजूला वाकतात. ही होडी तिथे कसली टिकतेय!

"कशी वाटते, दादा?"

"छान आहे."

बोलताना जिभेवर साखर पडल्यासारखं वाटलं त्याला. घेऊ दे. भरलं पाणी की येईल रडत. पण रडत यायला माणूस परत यावा लागतो!

"थांब जरा," म्हणत तो होडीत उतरला. "ये, माझ्या शेजारी उभा राहा. आता वाक. जाळं ओढतोयस असं."

कड झपकन खाली गेली आणि दोघांच्या पायांवर पाणी आलं.

"अहो, असं एका बाजूला कोण उभं राहतं?" कारागीर ओरडला.

"आम्ही. रोज."

मग थोरल्याने मागची करड्या रंगाची होडी दाखवली. रुंद तळाची, उंच कडांची.

"ही? म्हैस दिसते रे दादा!"

"म्हैस बुडताना पाहिलीस कधी?"

ती पाण्यात उतरवून दोघं तिच्यात वाकले. ती जराशी कलली आणि तशीच तोलून राहिली. धाकट्याने शेवटी मान डोलावली, कारागिराशी बोलणी पक्की केली आणि भावाला मिठीच मारली.

"माग दादा, काय हवं ते माग!"

थोरल्याच्या मनातली जळजळ काही विझली नव्हती. त्याने होडीच्या ओल्या कडेवरून हात फिरवला.

"पहिल्या दिवशी मला चालवू दे," तो म्हणाला. "तू पुढे बस."