सोनामायने पुढे केलेला हात

खांडबाऱ्याच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलो होतो. तापीकाठचा एक ओळखीचा माणूस डब्यातून उतरला, मला बघून थांबला आणि म्हणाला, "डाक्टर, सोनामाय गयी." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "ताप व्हता का? अंगवर काही उठनं व्हतं का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. नव्वदीच्या घरातली म्हातारी गेली, आणि हा शहाणा विचारतोय अंगावर काही उठलं होतं का! पण धंद्याची खोड, जाता जात नाही. "काही नही," तो म्हणाला. "दुफारले ताक पिनी, जरा आडी पडनी, उठनीच नही." मी बाकावर मागे टेकलो. खरं सांगतो, मला दुःख झालं नाही. हायसं वाटलं. ज्या बाईने आयुष्यातली निम्मी वर्षं देवीच्या साथींच्या धाकात काढली, ती शेवटी अशी, ताक पिऊन, आपल्या अंथरुणावर गेली... याहून चांगलं मरण मला तरी ठाऊक नाही.

मी डॉक्टर नाही. सरकारी नोकरीतला देवी टोचणारा आहे. गावोगावची माणसं डाक्टर म्हणतात आणि मी दुरुस्ती करत नाही, एवढंच. आता नवापूरकडे बदली होऊन काही वर्षं झाली. पण नोकरीची उमेदीची वर्षं गेली ती शहादा-नंदुरबारच्या मधल्या तापीकाठच्या गावांत. खांद्याला पिशवी, पिशवीत केसासारख्या बारीक काचनळ्यांतली लस, आणि दांडीच्या टोकाला बसवलेली दातेरी चकती. ती चकती पोराच्या दंडावर टेकवून फिरवायची. पोर किंचाळायचं, आई मला शिव्या द्यायची, मी पुढच्या घरी जायचो. पुढचं घर बहुधा बंद असायचं. माझी सायकल गावाच्या शिवेवर दिसली की पोरं कणग्यांत, गवताच्या गंजीत, मक्याच्या शेतात गडप होत. एकदा तर एका आईने तान्हं पोर टोपलीखाली झाकून वर कोंबडी बसवली होती. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीच्या खालून रडण्याचा आवाज आला, तेव्हा मलाही हसू आवरलं नाही.

सोनामाय मात्र पोरं लपवत नसे. ती मला ओट्यावर बसवायची, कल्हईच्या तांब्यात ताक आणून द्यायची आणि माझ्या देखत घरातल्या-भावकीतल्या पोरांना आतल्या खोलीत घालून कडी लावायची. म्हणायची, "ताक पी, दम खाय, आनि ज्या गावले जानं शे त्या गावले जाय. मन्हा घरना पोरेसले हात लावानं नही." दरवर्षी हेच. मी समजावलं, रागावलो, एकदा तर पोलीसपाटलाला सोबत घेऊन गेलो. त्यालाही तिने ताक दिलं. तिच्या शब्दापुढे घरात कोणी जात नसे. मुलगा दगडू चाळिशीचा गडी, पण आईसमोर मान वर करत नसे. आणि त्याची बायको केसर तर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून दाराआड उभी असायची. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वरिष्ठांना पाठवलेल्या कागदात मी "सदर वृद्ध स्त्री अत्यंत हट्टी" असं लिहिलं होतं. मनात तर याहून वाईट शब्द होते. आज त्याची लाज वाटते.

टोचणीचा हंगाम थंडीतला. उन्हात लस मरते, म्हणून सरकारने तो तसा ठरवलेला. पण थंडीत आमच्याकडे कापसाची वेचणी. आया उजाडायच्या आत शेतात, पोरं सासूच्या ताब्यात, आणि सासू म्हणजे सोनामाय! हे कोडं माझ्या बायकोने चुलीपाशी बसल्या बसल्या सोडवलं. "आखाजीला का जात नाही तुम्ही?" ती म्हणाली. "पोरी माहेरी आलेल्या असतात. तिथे ना सासू, ना डोक्यावर पदर. आई-लेकी मिळून काय ते ठरवतील." मी कपाळावर हात मारून घेतला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशातल्या लेकींचं राज्य. झाडाझाडाला झोके, गाणी, आमरस आणि मांडे. पण आखाजी म्हणजे ऐन वैशाख. लस कशी टिकवायची? मग मी केळीचा ओला खांब कापून घ्यायला लागलो. तो आतून पोखरून त्यात नळ्या ठेवायच्या, तोंड पानाने बांधायचं, वर ओलं फडकं. दिवसभर गारवा राहायचा. पहिल्या वर्षी या युक्तीने पुष्कळ पोरं टोचली आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

दुसऱ्या वर्षी माती खाल्ली.

नंदुरबारच्या वाटेवर केसरचं माहेर होतं. झोक्याखाली बायकांचा घोळका होता, त्यातली एक पुढे आली आणि तोंडभर हसून म्हणाली, "भाऊ, माले वळखं नही का? दगडूना घरनी." मी कसा ओळखणार? तिचं तोंडच पहिल्यांदा बघत होतो. कडेवर सुमन, आठ-नऊ महिन्यांची. केसरचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी देवीने गेलेलं. तिने हळूच विचारलं, "हाई पोरले टोचं, ते सासूले समजी का?" ती घाबरली होती, आणि मला तिला पळू द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "काही व्हत नही, बहीण. काहीच व्हत नही." हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा बोलत असे. ती कबूल झाली. तेवढ्यात तिच्या आईने हाक मारली, मांडे तयार आहेत, आधी जेवा. मांडे आणि आमरस समोर आल्यावर नाही म्हणणारा माणूस खान्देशात अजून जन्मायचा आहे. मी जेवलो. पोटभर, आग्रहाला मान देत जेवलो. सायकल लिंबाच्या सावलीत लावली होती, लसीचा खांब तिच्यावरच बांधलेला. सावली सरकली, सायकल तिथेच राहिली. जेवून बाहेर आलो तर फडकं कडकडीत वाळलेलं आणि केळीचा खांब हाताला कोमट लागला. मला शंका आली... आलीच. पण दुसरी लस टपालाने यायला आठ दिवस लागणार, पोरी तोवर पांगणार, बायका पोरांच्या बाह्या वर सारून बसलेल्या. मी टोचलं. नऊ पोरं.

टोचलेल्या जागी आठव्या दिवशी टपोरा फोड यायला हवा. तो आला तरच लस लागली. आठव्या दिवशी मी गेलो तेव्हा आठ पोरांचे दंड साफ होते. नवं पार्सल आलेलं होतं, ती आठही पुन्हा टोचली. नववी सुमन. सोनामायचा निरोप आला म्हणून केसर पाचव्या दिवशीच सासरी गेली होती. तिची आई आनंदात सांगत होती, "पोरले काहीच झायं नही, भाऊ! तुम्ही म्हनेत तसंच." म्हणजे केसर तिकडे निश्चिंत होती. मीच तिला सांगितलं होतं ना, काही होत नाही म्हणून! आणि काही झालं नाही, म्हणून तिला वाटत होतं पोर आता सुरक्षित आहे.

सासरी जाऊन सांगायचं तर केसरचं गुपित फुटणार. सासूला न विचारता टोचून घेतलं, हे कळल्यावर त्या घरात तिचं काय होईल, याची कल्पनाही करवत नव्हती. मी दोन दिवस टाळलं. म्हटलं, थंडीत बघू. तिसऱ्या दिवशी पाटलाचा माणूस आला : सोनामायच्या गल्लीत माता आली आहे, देवी निघाली आहे. नव्या पार्सलातली लस ओल्या खांबात घालून मी तसाच निघालो. तापीला पाणी कमी होतं, सायकल खांद्यावर घेऊन उतरलो. गल्लीत शिरलो तर दोन दारांवर देवीची खूण म्हणून लिंबाचे डहाळे बांधलेले, आणि दुसरं दार सोनामायच्या अगदी शेजारचं.

ती ओट्यावरच बसली होती. मी आधी आवाज चढवून बघितला. "सरकारना हुकूम शे," म्हणालो. "मंग सरकारले धाड," ती म्हणाली, "त्याले बी ताक देसू." दाराआड केसर उभी होती, कडेवर सुमन. पदराखालून मला फक्त तिची हनुवटी दिसत होती, आणि ती थरथरत होती. माझा धीर तिथे सुटला. मी ओट्याच्या पायरीवर मटकन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. आखाजी, मांडे, उन्हात तापलेली लस, सगळं. दोष माझा, हिला मीच भरीला घातलं, असंही सांगितलं. सोनामायने सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "तू वहूले काय सांगं व्हतं?"

"काही व्हत नही, असं सांगं व्हतं."

"मन्हा दोन पोऱ्या गयात," ती म्हणाली. "तवय बी एक टोचनारा उना व्हता. तो बी असंच म्हने, काही व्हत नही. पंधरा दिनमा दोन्ही गयात. हाऊ दगडू तवय पोटमा व्हता." म्हणून त्याचं नाव दगडू. मरणाने दगड समजून पुढे जावं म्हणून. इतकी वर्षं मी त्या घरचं ताक पीत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं, की माय, तू नाही का म्हणतेस? ... त्या जुन्या टोचणाऱ्याची लसही मेलेली असेल, किंवा देवी आधीच पोरांच्या अंगात शिरलेली असेल. कोण जाणे. तिला एवढंच कळलं होतं, की तो खोटं बोलला.

"आते खरं सांग," ती म्हणाली. "टोचं ते काय व्हई?"

मी सांगितलं. नोकरीत पहिल्यांदाच सगळं सांगितलं. "ताप ई. आठव्या दिनले फोड भरी, पोर रातभर रडी. डाग जनमभर ऱ्हाई. आनि माय... माता पहिलेच अंगमा शिरेल व्हई, ते मन्हा हातमा काही नही. पन आज टोचं ते पोर वाचानी आशा शे." मला वाटलं, आता ही मला हाकलणार. केसर दाराआडून पुढे आली आणि सासरी मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला : "माय, मी चुकनू. मन्ही पहिली गयी... हाई जाई ते मी जगाव नही." सोनामायने तिच्याकडे बघितलंही नाही. तिने लुगड्याचा पदर खोचला, चोळीची बाही वर सारली आणि सुरकुतलेला हात माझ्यापुढे केला. "पयले माले टोच," म्हणाली. "माताले राग उना ते माले खावो. मन्ही नातले नको." चकती फिरवताना माझा हात कापत होता. तिचा नाही.

पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आठव्या दिवशी गेलो तर गल्लीच्या तोंडाशीच तिचा आवाज ऐकू आला. "उना बघा! तीन रातथून झोप नही. पोर रडी रडी जीव खाई ऱ्हायनी, आनि मन्हा हात ते उचलायना बी नही!" सुमनच्या दंडावर टपोरा, भरलेला, सुंदर फोड. सुंदर म्हणतो, कारण तसाच होता. मी ओट्यावर बसून हसलो आणि हसता हसता रडलो. म्हातारीने गुपचूप ताक आणून ठेवलं. शेजारचं एक पोर त्या साथीत गेलं. सुमन वाचली.

त्यानंतर सोनामायने माझं निम्मं काम स्वतःकडे घेतलं. हंगामात मी यायच्या आधीच ती दारोदार जाऊन बायकांना सांगायची, ताप येईल, फोड येईल, मी भोगलंय, मरत नाही कोणी. मला भीती वाटायची, की ही सगळ्यांना घाबरवून पळवणार. झालं उलटंच. खरं काय ते आधी कळलं, की माणसं निम्मी घाबरतात, हे मला त्या निरक्षर बाईने शिकवलं. 'काही होत नाही' हे वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. आता नवी कोरडी लस आली आहे, उन्हाला दाद देत नाही म्हणतात. ते बरंच झालं. पण खोट्याला अजून कुठलीच लस नाही.

परवा भेटायला गेलो. सुमन आता परकर-पोलक्यातली मोठी मुलगी झाली आहे. केसर माझ्यासमोर मोकळेपणाने बसली, डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं. सोनामायला शेवटचं न्हाऊ घातलं तेव्हाचं ती सांगत होती. माय विधवा, कपाळ कित्येक वर्षं मोकळं. पण दंडावरच्या त्या डागाला ती दर मंगळवारी आंघोळ झाली की हळदीकुंकवाचं बोट लावायची, घरातल्या बायकांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. शेवटच्या आंघोळीनंतरही केसरने तिथे बोट लावलं. जमलेल्या एका बाईने हटकलं, विधवेला कुंकू कसलं? केसर म्हणाली, हे सासूला नाही, मातेला आहे.

हे सांगून तिने मला विचारलं, "भाऊ, तुम्ही सरकारना मानूस. खरं सांगा. माता बशेल व्हती ना तठे?"

इतकी वर्षं मी गावोगाव सांगत आलो, की देवीचा कोप वगैरे काही नसतं, हा रोग आहे. आणि खोटं बोलायचं नाही, हे तर मी याच ओट्यावर शिकलो होतो. मी त्या म्हातारीचा सुरकुतलेला, न कापणारा हात आठवला... आणि म्हणालो, "व्हती, बहीण. मी सोता देखेल शे."