गार इंजिन

सांगलीच्या इंजिनवाल्यानं मला फसवलं. मी भावात फार ताणलं म्हणून तो चिडला असेल, पण फसवणूक ती फसवणूकच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उंब्रजजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरात मी नुकतीच कोंबड्यांची पिल्लं वाढवायला घेतली होती. एक दिवसाची पिल्लं बल्बच्या उबेवर जगतात, आणि वीज तर कधीही जायची. म्हणून घराला जनरेटर घ्यायचं ठरलं. पेट्रोल परवडणारं नव्हतं. बायको म्हणाली, "हिरीवरचं इंजिन डिझेलवर चालतंय न्हवं? तसलंच घ्या." पण डिझेलचं यंत्र जड, धुरकट, त्याला बाहेर चौथरा बांधा. मला घराच्या पुढच्या सोप्यात मावणारं, रॉकेलवर चालणारं हवं होतं.

सांगलीच्या दुकानात गेलो तेव्हा तसलं एक यंत्र फटफटतच होतं. दुकानदारानं माझ्यासमोर बंद केलं, दोरी ओढली, एका झटक्यात पुन्हा सुरू.

"पाव्हणं, पेट्रोलचा थेंब लागत न्हाई. स्टोव्हात घालता त्येच घाला."

"मग स्टोव्हाच्या भावात द्या की."

"आवं, तुमच्या स्टोव्हावर बल्ब लागतो व्हय?"

दुपारपर्यंत घासाघीस केली. शेवटी तो कपाळाला हात लावून बसला आणि मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आलो.

दोनच दिवसांनी, थंडीतल्या संध्याकाळी, वीज गेली. मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. खांदा निखळायची वेळ आली, यंत्र साधं खोकेना. आत पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत होती. मी यंत्राला लाथ घातली. माझाच अंगठा सुजला.

बायकोनं लोखंडाला हात लावला. "हे तर गार पडलंय. बैल घेताना बसलेला उठवून बघता, आन् ह्यो उभाच बघून आलासा?"

तिनं चुलीत विटा तापवल्या, पोत्यात गुंडाळून पिल्लांभोवती मांडल्या, वर घोंगडी टाकली. वीज येईपर्यंत आम्ही विटा बदलत राहिलो. हळूहळू चिवचिवाट निवला. बहुतेक पिल्लं वाचली.

मागाहून कळलं, असलं इंजिन गार असताना पेट्रोलवरच सुरू करावं लागतं. तापल्यावर मग रॉकेल चालतं. पेट्रोलची छोटी टाकी त्यावर असते. माझ्या इंजिनावरची काढून टाकलेली होती. तिच्या जागी फक्त दोन भोकं.

त्या इंजिनावर माझा भरवसा उरला नाही. पण त्याचा डायनॅमो चांगला होता. तो सोडवून विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशेजारी बसवला, पट्टा चढवला, घरापर्यंत तार ओढली, हँडल मारलं. धक्क्यागणिक बल्ब लहानमोठा व्हायचा, जणू तोही श्वास घेतोय. बायको म्हणाली, "लागला बाई एकदाचा!" पुढच्या खेपेला मी दुप्पट पिल्लं आणली. आजचं आमचं पक्कं घर त्या उजेडावर उभं आहे.

दुकानदाराला जाब विचारायला गेलो होतो. "तुमच्यासमोर चालू केलं न्हवं?" एवढंच म्हणाला. आता दुकान त्याचा मुलगा चालवतो. मग त्यानं सांगावं: त्या सकाळी, मी यायच्या आधी, ते इंजिन कुणी आणि कशासाठी तापवून ठेवलं होतं?